लाल बाटलीवर लेबल नव्हतं

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या एकुलत्या एका औषधविक्या भाच्याचा नमस्कार. साष्टांगच घालायचा बेत होता, पण गेला महिनाभर रोज संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे लाकडी खुर्चीत बसून कंबर अशी धरली आहे की खाली गेलो तर उठवायला दोन माणसं लागतील. तेव्हा हा उभ्या उभ्याच मानून घे. तुझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. थेंब वेळेवर घालतेस ना? (चार वेळा म्हणजे दिवसातून चार वेळा, कॉम्प्युटरवरच्या खेळात चार वेळा मेल्यावर नव्हे. तुला ओळखून आहे म्हणून मुद्दाम लिहितो.) डॉक्टरांनी पंधरा दिवस पडद्याकडे बघू नका म्हटल्यावर तू त्यांना, मग माझी माणसं गुहेत अडकलीत त्यांना तुम्ही बाहेर काढणार का, असं विचारलंस हे तुझ्या सूनबाईंनी फोनवर सांगितलं. त्या बिचाऱ्या काळजीनं सांगत होत्या आणि मी इकडे अभिमानानं ऐकत होतो. मोबाईलवर पाठवलेलं तू वाचत नाहीस, डोळे खेळासाठी राखून ठेवलेत म्हणतेस, म्हणून हा कागद-पेनाचा खटाटोप.

माझ्या मागच्या चिठ्ठीत मी तुला फक्त एवढंच विचारलं होतं की आजवर टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर गाड्या पळवणाऱ्या माणसानं कॉम्प्युटरवरचा भूमिका घेऊन खेळायचा खेळ निवडायचा तर कुठून सुरुवात करावी. का, ते लिहिलं नव्हतं, आणि तूही विचारलं नाहीस. (टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढून, दिवसभर लोकांच्या तारा जोडून, कोणाचंही बोलणं न ऐकणारी तू एकटीच असशील.) आता सांगतो. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत मी दुकान बंद करून नऊला घरी येतो, जेवतो, सोफ्याच्या उजव्या टोकाला बसून गाड्या पळवतो, आणि ही डाव्या टोकाला बसून पुस्तक वाचते. भांडण नाही, तंटा नाही. पण मधली जागा रिकामी. एकदा तिनं हौसेनं रिमोट हातात घेतला, तर शर्यतीत प्रत्येक सिग्नलला थांबली, मागच्यांना वाट दिली, आणि शेवटी गाडी एका झाडाखाली नीट लावून मला रिमोट परत दिला. त्यानंतर पाचेक वर्षांनी, म्हणजे यंदा, पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "तुमच्या खेळात कोणी कोणाशी बोलत कसं नाही?" मावशी, तिनं खेळाबद्दलच विचारलं होतं, पण मी दुसऱ्या दिवशी दिवसभर गोळ्या मोजताना तेच वाक्य घोळवत होतो. म्हणून मला असा खेळ हवा होता की ज्यात लोक बोलतात, आणि ज्यापुढे आम्ही दोघं एका ठिकाणी बसू. बाकी राक्षस मेला काय, राहिला काय, मला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

तुझा सल्ला अगदी सरळ होता: वरून दिसणारा खेळ घे, मारामारी पाळीपाळीनं होणारा घे, पहिल्यांदा साधा माणूस घे, त्याच्या हातात तलवार दे आणि पुढे चाल. शिवाय सगळ्यांत वर एका खेळाचं नाव लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली होतीस. तू एवढं सांगितल्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? तोच घेतला असता. मी चित्र बघून दुसराच घेतला. (चित्रात एक दाढीवाला डोंगराच्या टोकावर उभा होता आणि त्याचा झगा वाऱ्यावर उडत होता. झगा फार चांगला काढला होता.) मी आपला कन्सोलचाच रिमोट कॉम्प्युटरला जोडला आणि पहिल्यांदा काय शोधलं असेल, तर उडी. कन्सोलवाल्या माणसाला कुठंही सोडा, तो आधी उडी मारून बघतो. या दाढीवाल्याला उडीच नाही. एका वीतभर कुंपणापुढे तो उभा, पलीकडे रस्ता, आणि हा भला गृहस्थ फाटक शोधत फिरतोय. मी रिमोट सोडून कीबोर्डावरची एकूण एक बटणं दाबून पाहिली. नकाशे उघडले, पिशव्या उघडल्या, एकदा पडदा काळा झाला, पण उडी काही निघाली नाही.

पण हे नंतरचं. त्याआधी माणूस घडवण्यात अडीच तास गेले. दुकानाच्या परवान्याला भरलेल्या फॉर्मात नव्हते इतके प्रश्न: जात कोणती म्हणे, बुटका का लांब कानांचा, देव मानतोस का, मानत असशील तर कोणता, लहानपणी चोरी केली होतीस का. मग सहा गुण आणि वाटायला एक ठरावीक पुंजी. ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि वागण्यातली मोहिनी. आता मी पडलो औषधवाला. प्रमाण बिघडलं की मी पहिल्यापासून मोजतो. मी सगळ्या गुणांना अगदी सारखं सारखं वाटून दिलं, ना कुठे कमी ना कुठे जास्त. ही मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, याला धड काहीच येत नाही, पण कोणाला त्रासही नाही, म्हणजे तुम्हीच की. त्या समतोल माणसाला पहिल्याच तळघरात एका उंदरानं मारलं. मोठा नव्हता गं उंदीर. मी पाच वेळा गेलो, पाचही वेळा उंदीर जिंकला, आणि सहाव्यांदा मी तळघराच्या दारातूनच त्याला नमस्कार करून परत फिरलो.

दुसरा खेळही मीच निवडला (हो, अजूनही तुझी दोन रेघांची ओळ खिशातच). यात आपण त्या माणसाच्या डोळ्यांनीच सगळं बघतो. आजूबाजूला अख्खं राज्य पसरलेलं, वाटेल तिथे जा. हिला चारच मिनिटांत गरगरायला लागलं आणि ती भिंतीला धरून आत गेली, म्हणजे ज्या कारणासाठी खेळ घेतला तेच कारण पलंगावर आडवं झालं. मी आणखी थोडा वेळ फिरलो. फिरलो म्हणजे काय, एका खानावळीतले सगळे पेले उचलून पिशवीत भरले, कारण खेळ म्हणाला उचलता येतील. जगावर कसलंसं संकट आलं होतं म्हणे. त्याबद्दल मी कोणाला काही विचारलं नाही आणि त्यांनीही पेल्यांबद्दल मला काही विचारलं नाही. हिला लिंबूपाणी करून दिलं आणि निमूटपणे तुझी चिठ्ठी काढून दोन रेघांचा खेळ घेतला.

आणि मावशी, तुझ्या पायांचं तीर्थ घ्यायला हवं. शिवणयंत्राच्या टेबलावर कॉम्प्युटर, समोर दोन लाकडी खुर्च्या, माऊस माझ्या हातात, आणि बोलायचं काम हिच्याकडे. तुला माहीतच आहे, पाणीखात्याच्या तक्रारखिडकीत ती चौदा वर्षं बसते. नळाला पाणी नाही, आहे ते गढूळ आहे, शेजाऱ्याला येतं मला का नाही, हे सगळं दिवसाला शंभर माणसांकडून ऐकून घ्यायचं आणि एकाही माणसाला ओरडत बाहेर जाऊ द्यायचं नाही, ही तिची नोकरी. या खेळात कोणी भेटलं की खाली चार-पाच उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. मी असतो तर तलवारीचं उत्तर निवडून मोकळा झालो असतो. हिनं पहिल्याच पुलावर आडव्या आलेल्या दरोडेखोराला तुमची अडचण नेमकी काय आहे, अशा अर्थाचं उत्तर दिलं. त्यानं तलवार खाली केली. मग बोलायला लागला. त्याच्या गावच्या विहिरीत कोणीतरी शाप टाकला होता. पाण्याचाच प्रश्न निघाल्यावर काय विचारतेस, ही खुर्चीत पुढे सरकली. आम्ही तो पूल, ती विहीर, पुढचं गाव आणि एक तीन डोकी असलेला प्राणी (तिन्ही डोक्यांचं म्हणणं वेगवेगळं ऐकून घेतलं) असं सगळं तलवार म्यानातून न काढता पार केलं. मी नऊला दुकान बंद करायचो ते साडेआठ केलं, मग आठ, मग साडेसात. गिऱ्हाईकं म्हणाली, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, उत्तम आहे.

आता जे लिहायचं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. आमच्या टोळीत एक म्हातारा ढालवाला होता. ही त्याला काका म्हणायची. प्रत्येक मुक्कामाला तो शेकोटीपाशी बसून खोकत खोकत बूट ओले झाल्याची कुरकुर करायचा, आणि ही आधी त्याच्याशी बोलायची, मग बाकीच्यांशी. हिचे वडील असेच खोकायचे आणि अशीच बुटांची कुरकुर करायचे. ते तिनं कधी म्हटलं नाही, पण मी त्यांना पाहिलेलं आहे. तर वाटेत गुहांमधून, पेट्यांमधून, मेलेल्या शिपायांच्या खिशांतून लाल बाटल्या सापडायच्या. प्यायल्या की जखमा भरतात म्हणे. माझ्याजवळ अशा एकतीस जमल्या होत्या आणि एकही मी कोणाला पाजली नव्हती. मावशी, तूच सांग, कुठल्यातरी गुहेत पडलेली बाटली, वर लेबल नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही, मात्रा नाही, मुदत कधी संपली ते देवाला ठाऊक. दुकानात असा माल आला तर मी तो फळीवर लावत नाही, वेगळ्या खोक्यात टाकतो. बावीस वर्षांत माझ्या हातून चुकीची गोळी गेलेली नाही. मी त्या एकतीस बाटल्या सांभाळून पिशवीत तळाला ठेवल्या. पिशवी इतकी जड झाली की आमचा माणूस गोगलगायीसारखा चालायला लागला, तरी ठेवल्या.

आणि मग त्या बर्फाच्या खिंडीत पहिल्यांदाच असे लोक भेटले की ज्यांना बोलायचंच नव्हतं. काका ढाल घेऊन पुढे झाले आणि पडले. पाळी माझी होती. पाळीपाळीचा खेळ म्हणजे घाई कसलीच नाही, खेळ तुझ्यासाठी जन्मभर थांबून राहील. ही म्हणाली, "बाटली द्या." मी बाटलीवर माऊस नेऊन वाचलं: लाल द्रव, जखमा भरतो. एवढंच. मी म्हटलं, तपासल्याशिवाय? समजा म्हाताऱ्याला दुसरं काही चालू असेल तर? ही पुन्हा म्हणाली, "अहो, द्या." मी पिशवी बंद केली आणि पाळी पुढे ढकलली. काका बूट फार ओले झाले एवढं म्हणाले आणि गेले. ही ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि म्हणाली, "सतरा वर्षं मी म्हणते, दुकान मिटवून घरी या. तुम्ही दुकान घेऊनच येता." मला तोंडात मारल्यासारखं झालं. खरं होतं गं ते. मी घरात डाळीच्या डब्यांवरसुद्धा तारखा घातल्या आहेत.

मी म्हटलं, हरकत नाही, खेळच आहे, थोडं मागे जाऊ. इथे माझी कन्सोलची अक्कल उघडी पडली. माझ्या गाड्यांचा खेळ स्वतःच सगळं लक्षात ठेवायचा. इथे आपण होऊन सेव्ह करायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नाही. (तू सांगितलं होतंस. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला. मी मागची बाजू त्या दिवशी वाचली.) रोज 'पुढे चालू' दाबलं की आम्ही कालच्या जागी उभे असायचो, पण आता तिथे काका गेलेलेच होते. यादी उघडली तर तिच्यात एकच नोंद, पहिल्या संध्याकाळची, आणि तीही इथे तरी उडी असेल म्हणून मी बटणं दाबत होतो तेव्हा चुकून झालेली. म्हणजे काका परत हवे असतील तर चौदा तासांचा प्रवास पहिल्यापासून. मी कपाळाला हात लावला.

तीन दिवस घरात फक्त "हं" होतं. जेवायला वाढू का, हं. उद्या लवकर जायचंय का, हं. तिसऱ्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या मी एक लेबल तयार केलं. व्यवस्थित, छापील, आमच्या दुकानाच्या नावाचं. लाल द्रव, शंभर मिली. जखमेवर, एका वेळी एक बाटली, पाळी न दवडता. काका मंडळींना विनाअट द्यावी. मुदत: खेळ संपेपर्यंत. खाली माझी सही आणि दुकानाचा शिक्का. ते आणून कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवलं. हिनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, बॅच नंबर राहिला. मी लगेच लिहिला. मग तिनं खुर्ची बाहेर ओढली, बसली, आणि म्हणाली, चला, पहिल्यापासून. मावशी, मला रडू आवरेना. मी माऊस शोधायच्या निमित्तानं टेबलाखाली वाकलो आणि कंबर पुरती धरली ती तेव्हाच.

तर आता आम्ही पुन्हा निघालो आहोत. आज सहावा तास चालू आहे. दरोडेखोराची विहीर दुसऱ्यांदा साफ झाली, ती पहिल्यापेक्षा लवकर झाली असं हिचं म्हणणं आहे. काका ठणठणीत आहेत, बूट ओलेच आहेत, आणि साधं खरचटलं तरी मी बाटली पुढे करतो, इतका की हिला माझा हात धरावा लागतो. दोन खुर्च्यांमध्ये आता फट नाही, कारण कॉम्प्युटरचा पडदा लहान आहे. एकंदरीत आमचं बरं चाललंय, तुझ्या आशीर्वादानं आणि दोन रेघांनी.

डोळ्याला जप. सूनबाईंना नमस्कार सांग आणि त्यांच्यावर चिडू नकोस, त्या लपवून ठेवतात तो माऊस तुझ्याच भल्यासाठी.

तुझा,
औषधवाला

ता. क. थेंबाची बाटली उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्यायची. शिल्लक राहिली म्हणून ठेवायची नाही. तुझ्याबाबतीत लेबलाचा नियम कायम आहे.

ता. क. २. खरं काम हे आहे. ही सकाळी नऊपासून शंभर लोकांची बोलणी खाऊन येते आणि माझ्या एका चुकीपायी तीच गावं, तेच लोक, तीच तीन डोकी पुन्हा ऐकत बसते. तोंडानं काही म्हणत नाही, पण मला लाज वाटते. तू हा खेळ चार वेळा संपवलास. तुझ्याकडे त्या बर्फाच्या खिंडीच्या अलीकडचा, काका जिवंत असलेला सेव्ह नक्की असेल. तो एका पेनड्राईव्हमध्ये घालून दुकानाच्या पत्त्यावर कुरिअर कर. मी गुपचूप कॉम्प्युटरमध्ये घालीन आणि तिला एकदम खिंडीपाशी नेऊन उभी करीन. राहिलेल्या आठ तासांचा तिचा जाच वाचेल. हिच्याजवळ बोलू नकोस. पत्र टाकायला तिच्याकडेच देतो आहे, पेटी तिच्या ऑफिससमोर आहे, पण काळजी नको, दुसऱ्याचं पत्र ती कधी वाचत नाही.

ता. क. ३. मावशी, नमस्कार. हे अक्षर माझं आहे. यांचं पत्र मी वाचलेलं नाही, ऐकलं आहे. दुकानात लेबलावर लिहिताना चूक होऊ नये म्हणून हे प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणतात, आणि तीच सवय पत्रालाही आहे. मी आत भाजी चिरत होते. सगळं ऐकू आलं, टेबलाखालचंसुद्धा.

पेनड्राईव्ह कृपा करून पाठवू नका. त्या यादीला दुसरं पान आहे. खेळ आपण होऊन सेव्ह करतो ते सगळं तिथे असतं. मला ते दुसऱ्याच दिवशी दुपारी सापडलं, माझी अर्धी रजा होती. त्यातला एक सेव्ह खिंडीच्या दोन मिनिटं आधीचा होता. लढाईत काका पडताच मी त्यांना बाटली पाजली, ते उठून बसले, मी त्यांच्याशी थोडं बोलले, आणि त्या दुसऱ्या पानावरच सेव्ह करून बंद केलं. म्हणजे काका त्या दिवसापासून जिवंतच आहेत. तीन दिवसांतला पहिला दिवस माझा राग खरा होता. पुढचे दोन दिवस हे काय करतात ते मी बघत होते.

यांना वाटतं मला पुन्हा तेच ऐकून कंटाळा येतो. मावशी, यांचं दुकान आता रोज साडेसातला बंद होतं. मला त्या तीन डोक्यांनी आणखी तीनदा तेच सांगितलं तरी चालेल. तेव्हा यांना उत्तर लिहाल त्यात एका कॉम्प्युटरचा सेव्ह दुसऱ्यावर चालत नाही असं ठासून लिहा. तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. आणि याहून बराच लांब एखादा खेळ तुमच्या माहितीत असेल तर त्याचं नाव मला वेगळं कळवा. पत्ता पाणीखातं, तक्रारखिडकी, एवढा पुरतो.